शाइस्ताच्या वहीतले आठवे घर

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५. पहाटे साडेपाचला उठले. सातच्या एसटीने उंद्रीहून चिखलीला. सोबत सुचिता. दवाखान्यात सर्व्हर बंद, दोन तास खोळंबा. बारा वाजता उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, डॉ. पुष्पांजली. भिंग १९.५. शाइस्तामुळे. परतताना जीप. संध्याकाळी मुगाची खिचडी.

ही नोंद माझी असली तरी अक्षर माझे नाही. मी सांगितले आणि माझी सून सुचिता हिने लिहून घेतले. साठ वर्षांच्या रोजनिशीत परक्या हाताचे हे पहिले पान. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत असताना सिस्टरनी सवय लावली होती: आधी तारीख, मग घडलेले, मत शेवटी आणि जमल्यास तेही नको. त्या सवयीत माझे लग्न झाले, मुले झाली, माझे यजमान शेषराव गेले, पण तारीख चुकली नाही.

लिहिता लिहिता सुचिता थांबली. "आई, 'शाइस्तामुळे' म्हणजे काय? वाक्य अर्धंच राह्यलं."

"राहू दे. ते मी पुरं करीन," मी म्हटले.

ते वाक्य आता पुरे करते आहे.

शाइस्ता चिखलीच्या एका ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळते. वय चौतीस-पस्तीस. माहेर जळगाव जामोदचे. तिचे वडील हैदरमियाँ घड्याळे दुरुस्त करीत. बाजारातल्या जिन्याखाली त्यांची एवढीशी टपरी होती. शाळा सुटली की ती तिथे बसे. त्यांचा एकच नियम होता, घड्याळ उघडण्याआधी कागदावर त्याचे चित्र काढायचे. कोणता स्क्रू कुठून निघाला हे कागदाला माहीत पाहिजे, डोक्यावर विसंबायचे नाही. तिच्या हस्ताक्षरातल्या पहिल्या वह्या म्हणजे घड्याळांची पोटे आहेत, असे ती हसून सांगते.

लग्न होऊन ती चिखलीला आली. नवरा अकील विहिरीवरच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो. शाइस्ता दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर लिहायला लागली. पुढे दवाखान्यात कॉम्प्युटर आले, तेव्हा खिडकीतल्या तिघींपैकी हीच पुढे झाली. सगळ्या रुग्णांचे कागद जिन्याखालच्या एका पेटीत, म्हणजे सर्व्हरमध्ये ठेवायचे, आणि प्रत्येक खोलीतल्या कॉम्प्युटरने वायरीतून तिथले कागद पाहायचे, अशी ती व्यवस्था. दवाखान्यात त्याला 'कॉमन फोल्डर' म्हणतात.

माझी तिची ओळख तिच्या एका चुकीमुळे झाली. तीन वर्षांपूर्वी एक दिवस असाच सर्व्हरशी संबंध तुटला होता. तिच्या कॉम्प्युटरने मात्र काहीच तक्रार केली नाही. त्याने स्वतःजवळ ठेवलेली कॉमन फोल्डरची नक्कल तिच्यापुढे धरली आणि ती दिवसभर त्या नकलेतच लिहीत राहिली. दुसऱ्या दिवशी सर्व्हर परत आला. कॉम्प्युटरने विचारले, दोन प्रती आहेत, कोणती ठेवू? तिला वाटले सर्व्हरची तीच खरी. तिने बटण दाबले आणि एकेचाळीस रुग्णांची आदल्या दिवसाची तपासणी पुसली गेली.

तिने ती चूक कुणाच्या माथी मारली नाही. रजिस्टर घेतले आणि चार दिवस एसटीने गावोगाव फिरली. त्यातले एक गाव उंद्री, आणि त्यातली एक रुग्ण मी. माझा डावा डोळा तेव्हा काचबिंदूने जात होता. दारात उभी राहून ती म्हणाली, "आजी, तुमचे कागद माझ्या हातून गेले. डोळ्याचा दाब किती सांगितला होता, थेंब कोणते दिले, आठवते का?"

मी रोजनिशी काढली आणि तारीखवार वाचून दाखवले. तिने लिहून घेतले, मग वही मिटली. म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्या अब्बांच्या दुकानात पाह्यजे होत्या." मला आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मी वरचे मानते.

डावा डोळा पुढे गेलाच. उरला उजवा, आणि त्यात मोतीबिंदू. दोन वर्षे मी वाफ धरलेल्या काचेतून जग पाहत होते. रोजनिशीच्या ओळी सुटू लागल्या. अखेर ऑगस्टमध्ये ठरले. अकोल्याहून डॉक्टर पुष्पांजली शुक्रवारी येतात, त्या करणार. २६ सप्टेंबरला गेले तर रक्तदाब वाढलेला, परत पाठवले. मंगळवारी, म्हणजे अष्टमीला, पुन्हा तपासायला बोलावले. पहिल्या मोजणीत माझा डोळा सारखा पाणावत होता, म्हणून डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर पुन्हा मोजला. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "आजी, आता लांबवायचं नाही. या डोळ्यातलाही दाब चढतोय. दहा तारखेला मी नाही, नंतर दिवाळी. येत्या शुक्रवारी करूनच टाकू."

तर तीन तारखेला आठ वाजता मी दवाखान्यात बाकावर बसले होते. बाक जिन्याला लागून आहे. एका बाजूला सर्व्हरचे कपाट, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरची तयारीची खोली. डोळ्यात थेंब घातल्यामुळे समोर नुसता पांढरा उजेड होता. कान मात्र शाबूत होते.

खिडकीतली काजल वैतागली होती. "उघडूनच नाही राह्यलं काही!" आणि टकटक टकटक आवाज.

सुचिता डोकावून आली. "आई, नुस्तं गोल गोल फिरून राह्यलं त्याच्यावर."

तेवढ्यात शाइस्ताच्या चपला वाजल्या. "काजल, हात काढ. पन्नास वेळा दाबलं म्हणून तो पन्नास वेळा धावत येत नाही. दुसरीकडं पाहू दे पहिले, तुझ्याकडंच आहे का सगळीकडं." ती प्रत्येक खोलीत जाऊन आली. सगळीकडे तेच. मग मोठ्याने म्हणाली, "कोणी काही सेव्ह करू नका. कोणी मशीन दाबून बंद करू नका. मी सांगेपर्यंत हात गप्प."

तयारीच्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज आला. "अगं शाइस्ता, इथे तर उघडलंय! आजींचं पान समोर आहे. भिंग बावीस. चल, यादी छापून घे."

मला हायसे वाटले. शाइस्ताला वाटले नाही. ती आत गेली. दार उघडेच होते.

"मॅडम, हे आजचं नाही."

"म्हणजे?"

"हे ह्या कॉम्प्युटरनं आपल्याजवळ ठेवलेलं आहे. सर्व्हर सापडला नाही की हा गुपचूप आपलीच नक्कल दाखवते. सांगत बी नाही. आणि हा फक्त शुक्रवारी चालू होते, म्हणजे ही नक्कल मागच्या शुक्रवारची. आजींचं भिंग आपण मंगळवारी पुन्हा मोजलं. आजच्या यादीतल्या बाकीच्या चौघांची नावं तुम्हाला दिसतात का ह्याच्यात?"

डॉक्टरांनी पाहिले. नव्हती. ते चौघे त्याच आठवड्यात तपासलेले होते, त्यामुळे त्या जुन्या प्रतीत त्यांचे पानच नव्हते. माझे मात्र होते, नीटनेटके, नाव-गावासकट. म्हणूनच धोका एकट्या मला होता. ज्याचा कागद सापडत नाही त्याच्यासाठी लोक थांबतात. ज्याचा जुना कागद सापडतो त्याचे काम उरकून टाकतात.

डॉक्टर म्हणाल्या, "पुन्हा मोजू मग. पाच मिनिटांचं काम."

"मोजायचं मशीन काल सकाळीच जळगाव जामोदच्या शिबिराला गेलं, मॅडम. उद्या येईल."

"तुला मंगळवारचा आकडा आठवतो का?"

"आठवते. साडेएकोणीस. पण मॅडम, माझ्या आठवणीवरून भिंग नका बसवू. आजींना एकच डोळा आहे."

बाकावर बसून मी ते वाक्य ऐकले. माझ्या नात्यातल्या कुणी माझ्याविषयी इतके जपून बोलल्याचे मला स्मरत नाही.

डॉक्टरच म्हणाल्या, "आजी सगळं लिहून ठेवतात ना? त्यांच्या डायरीत असेल."

पिशवीत रोजनिशी होतीच. मी ऐटीने सुचिताच्या हातात दिली. तिने मंगळवारचे पान काढले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

"आई, तुम्ही ह्या पानावर दोनदा लिहिलं. 'भिंग पुन्हा मोजले' इतकं दिसते. पुढं आकड्यावरच अष्टमीच्या फराळाची यादी बसली. साबुदाणा का साडे काय ते समजतच नाही."

मला बाकाखाली शिरावेसे वाटले. साठ वर्षे ज्या वहीचा अभिमान धरला ती गरजेच्या दिवशी मुकी निघाली, आणि तीही त्याच डोळ्यामुळे.

"शरम काय त्याच्यात?" शाइस्ता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "पुन्हा मोजलं हे तर तुमची वही सांगून राह्यली. माझा अर्धा वाद तिनंच जिंकला."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले असावे. "साडेदहापर्यंत वाट पाहते. नाहीतर आजींना परत पाठवावं लागेल, इलाज नाही."

परत म्हणजे महिन्याने. त्या महिन्यात दाब किती चढला असता कोण जाणे. मी पिशवीतली जपमाळ काढली आणि पुन्हा आत ठेवली. मोजण्यात माझे चित्त नव्हते.

शाइस्ताने माझ्या शेजारचे कपाट उघडले. झेंडूचा वास भस्सकन बाहेर आला. बुधवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. शेतकऱ्याचा विळा, सुताराची पटाशी, दवाखान्यातले चिमटे, आणि अलीकडे सर्व्हरसुद्धा. दवाखान्याचे जुने शिपाई कचरूभाऊ हे मन लावून करतात.

"कचरूभाऊ!" शाइस्ताने हाक मारली. "इकडं या बरं. पेटीले हात कोणी लावला?"

"कोनी नाही लावला बाई. मी त नुसती पूजा केली."

"पूजा हात न लावता केली?"

"पूजा केली त्याले हात लावणं म्हंतेत का?" कचरूभाऊंना खरेच नवल वाटले. "धूळ पुसली, हार घातला, कुंकू लावलं. अन् पूजा केलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, म्हणून मंग काल कपाट उघडलं बी नाही. पहा ना, पेटी चालू हाये. दिवे पहा कसे लुकलुकून राह्यले! सारे संगच. मले वाटलं देवी पावली."

"सारे संगच लुकलुकतात, तेच तर दुखणं आहे," शाइस्ता म्हणाली. "ते एकेक करून लुकलुकले पाह्यजेत. माणसं बोलतात तसे. हे तर सारे एकदमच ओरडून राह्यले."

मग तिने आपली वही मागवली. शाळेची शंभर पानी वही, वर वर्तमानपत्राचे कव्हर. त्यात कपाटातल्या वायरींचे चित्र होते, हैदरमियाँनी शिकवले तसे. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या चपट्या डब्याला वायर खोचायची आठ घरे. सात घरांत सात वायरी, प्रत्येकीपुढे ती कुठे जाते ते लिहिलेले. आठव्यापुढे लिहिले होते, 'रिकामे.'

तिने बोट ठेवून मोजले. "एक... दोन... तीन..." मी बाकावर तिच्यासोबत मनात मोजत होते. "सात. आठ."

आठवे घर भरलेले होते.

"कचरूभाऊ, ही वायर कुठली?"

कचरूभाऊंचा आवाज उतरला. "ते मोजायचं मशीन नेणार होते ना जळगावले, त्यायनं बुधवारी दुपारीच सोडून ठेवलं ते. त्याच्या वायरीचं टोक भिंतीच्या भोकातून इथं लोंबकळून राह्यलं होतं. अन् इथं हे एक घर रिकामं. सणासुदीले रिकामं तोंड बरं दिसत नाही बाई. बाईमाणसाची ओटी रिकामी ठेवत नाहीत, कोठीत चार दाणे तरी ठेवतेत. म्हनून मी ते टोक त्याच्यात बसवून देल्लं. बराबर बसलं बी."

शाइस्ता हसू दाबत असावी, कारण तिचा आवाज थरथरला. "एकाच वायरीची दोन्ही तोंडं एकाच डब्यात घातली तुम्ही. आता निरोप एका तोंडातून निघते अन् दुसऱ्या तोंडातून तिथंच परत येते. परत आला की पुन्हा निघते. बुधवारच्या पूजेपासून तो डबा स्वतःशीच बोलून राह्यला, अन् काल सुट्टी म्हणून कोणाले समजलं बी नाही. बाकीच्यायचा आवाज ऐकू कसा येईल त्याले?"

"म्हातारपणी माझी बायको करते तसं," कचरूभाऊ म्हणाले, आणि मग घाबरून, "बाई, साहेबाले सांगसान काय हे?"

शाइस्ताने वायर काढली. खट् असा बारीक आवाज झाला. सुचिता म्हणाली, "आई, दिवे शांत झाले. आता एकेक लुकलुकून राह्यले." खिडकीतून काजल ओरडली, "उघडलं! उघडलं ताई!"

मी उठू लागले, पण शाइस्ताने बसवले. "थांबा आजी. माझा पाय मागच्या वेळी इथंच घसरला होता."

झाले होते असे की सकाळी दवाखान्यातल्या नर्सने माझा रक्तदाब मोजून तयारीच्या खोलीतल्या त्या जुन्या प्रतीतच लिहिला होता. आता सर्व्हर परत आल्यावर कॉम्प्युटर पुन्हा तोच प्रश्न विचारत होता. दोन प्रती आहेत, कोणती ठेवू? आणि वेळ पाहिली तर जुनी प्रतच नवी ठरत होती, कारण तिच्यात आज सकाळी काहीतरी लिहिले गेले होते. घाईतल्या माणसाने वेळ पाहून तीच ठेवली असती आणि मंगळवारचे साडेएकोणीस त्या बावीसखाली कायमचे गाडले गेले असते.

शाइस्ताने दोन्ही ठेवल्या. शेजारी शेजारी उघडल्या. एकीतून मंगळवारचा भिंगाचा आकडा घेतला, दुसरीतून आजचा रक्तदाब. मग सुचिताला बोलावले. "वहिनी, मी वाचते ते तुम्ही पाहा, अन् तुम्ही वाचा ते मी पाहते."

"भिंग एकोणीस पूर्णांक पाच. तारीख तीस सप्टेंबर," सुचिताने वाचले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "आठवण बरोबर होती की तुझी!"

"हो मॅडम. पण ते आत्ता समजलं ना," शाइस्ता म्हणाली.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. बाराला मला आत नेले. पाऊण तासाने डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आणले, तेव्हा शाइस्ता आणि कचरूभाऊ त्या कपाटाशीच होते. तिने आठव्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि त्यावरचे सुचिताने मला वाचून दाखवले, 'हे घर रिकामेच ठेवायचे.'

कचरूभाऊ कुरकुरले, "पर रिकामं कसं ठेवाव बाई?"

"मग तुमच्या हातानं त्या पट्टीवर कुंकवाचं बोट लावा. झालं, आता रिकामं नाही राह्यलं."

त्यांनी लावले असावे, कारण दोघेही हसले. नंतर कचरूभाऊंनी खिशातून आदल्या दिवशीची आपट्याची पाने काढली, एक तिला दिले आणि एक माझ्या मुठीत ठेवले. "घ्या आजी, सोनं. माझ्यापायी बसा लागलं तुमाले." ट्रस्टच्या साहेबांना काय सांगितले हे मी शाइस्ताला विचारले नाही. पुढे कळले की तिने आपल्या वहीत झाला प्रकार तारखेसकट लिहिला, आणि साहेबांना ती वही वाचायला दिली. तिथे कचरूभाऊंचे नाव होते, आणि त्याच्या खाली एक ओळ होती, 'रिकाम्या घरावर खूण नव्हती, ती चूक माझी.'

मी आयुष्यात बरीच माणसे पाहिली. शिकलेली, अधिकाराची, माझ्यासाठी धावून येणारीही. पण माहीत असूनही 'मला माहीत आहे' एवढ्यावर न थांबणारे माणूस मी क्वचित पाहिले. देवाचे आभार मी रोज मानते, ती सवय जुनी आहे. त्या आभारांत आता जळगाव जामोदच्या एका टपरीत बसून मुलीला घड्याळाचे चित्र काढायला लावणारे हैदरमियाँ आले आहेत. त्यांना मी कधी पाहिले नाही.

शनिवारी सकाळी पुन्हा चिखलीला जाऊन पट्टी काढली. पहिली दिसली ती शाइस्ताच्या वहीवरची मथळ्याची ठळक अक्षरे, कारण ती वही माझ्यासमोर धरूनच उभी होती. डॉक्टरांनी बजावले, पुस्तक नको, चूल नको, धूळ नको. चष्मा पुढच्या महिन्यात. लिहायला मी फार विनवले, तेव्हा म्हणाल्या, "संध्याकाळी एक ओळ. मोठ्या अक्षरात."

सुचिताने खिडकीशी खुर्ची ठेवली. आधी तारीख घातली. ओळ सुटली नाही. मग, सिस्टरनी शिकवले तसे, नुसते घडलेले लिहिले:

आज नळ आठव्या दिवशी आला. दोन्ही टाक्या भरल्या.